आमच्या चर्चला दर्शन हवं होतं

चौदा वर्षं मी आमच्या चर्चच्या पंच कमिटीची सेक्रेटरी होते. निवड कशी झाली म्हणाल, तर बाकीच्या पंचांपैकी एकाचंही अक्षर दुसऱ्याला वाचता येत नव्हतं आणि मी पडले झेड.पी.च्या शाळेतली बाई. "बाईंचं अक्षर छापल्यावानी हाय," एवढ्या एका वाक्यावर ठराव पास झाला. त्यानंतर दर महिन्याला दोन-दोन तास जे काही चालायचं, त्यातलं मिनिटबुकात जायचं एवढंच: 'विषयावर सविस्तर चर्चा झाली. निर्णय पुढील सभेवर ठेवण्यात आला.' उरलेलं सगळं माझ्याकडे राहिलं. शिवणाच्या डब्यात सुटी बटणं साठतात ना, तसं. टाकवत नाही आणि कशाला लावताही येत नाही. आता त्या चर्चमधलं कोणी लग्नात भेटलं की डबा उघडतो आणि जेवण गार होतं.

आमचं चर्च पिरंगुटच्या पुढे, पौड रस्त्यापासून अर्धा मैल आत. बावीस घरं. सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तरच्या सुमाराची गोष्ट. वरच्या ऑफिसातून पत्र आलं होतं, की घरं वीसच्या खाली गेली तर स्वतंत्र पाळक मिळणार नाही. मग महिन्यातून एकदा पुण्याहून कोणीतरी येऊन उपासना घेऊन जाईल. पोरं नोकरीसाठी पुण्याला चालली होती, त्यामुळे बावीसची वीस व्हायला काही वेळ लागणार नव्हता. अशा वेळी आमच्याकडे साळवे पाळकसाहेब आले. वय तिशीचं, चष्मा, अतिशय भला माणूस. ते नुकतेच बंगलोरला दोन महिन्यांचं ट्रेनिंग करून आले होते आणि येताना एक शब्द घेऊन आले होते. व्हिजन.

त्या शब्दाने आमचा जो जीव खाल्ला, तो तुम्हाला सांगते.

*

व्हिजनला मराठीत काय म्हणायचं, इथूनच सुरुवात झाली. पाळकसाहेबांनी बायबल बघून शब्द काढला, 'दर्शन'. मला चिठ्ठी पाठवली: 'बाई, नोटीस लावावी. येत्या रविवारी उपासनेनंतर मंडळीच्या दर्शनाविषयी सभा होईल.'

एस.टी.च्या स्टॉपवर आमचा एक काळा फळा होता. फळा लहान, माझं अक्षर टपोरं. चर्चच्या माणसांना आम्ही मंडळी म्हणतो; त्या 'मंडळीच्या' पर्यंतच अर्धा फळा भरला. मी पुसून आटोपशीर लिहिलं: 'रविवारी सकाळी दहाला चर्चमध्ये दर्शन.' चूक माझी होती, मी कबूल करते.

रविवारी पहिलं गीत संपेपर्यंत बाहेर रांग लागली होती. पुढे पाटलीणबाई, हातात नारळ. त्यांच्यामागे खालच्या आळीतल्या बायका, दोन म्हातारे, एक नवं जोडपं. पाळकसाहेब पांढरा झगा घालून दारात आले, तशा सगळ्यांनी त्यांनाच हात जोडले. ते दोन पावलं मागे सरले.

"बसा, बसा," ते म्हणाले. "पण दर्शन आज नाहीये."

"मग कवा हाय?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"तसं नाही. दर्शन अजून आपल्याला मिळालेलं नाही. ते आपण सगळ्यांनी मिळून शोधायचं आहे."

पाटलीणबाईंनी वाकून आत पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं. "हरावलंय व्हय?"

पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी गीतांचं पुस्तक उघडून बसले.

आलेले नारळ परत कसे द्यायचे, हाही प्रश्नच होता. शेवटी चर्च झाडणाऱ्या सोनाबाईंनी ते पायरीवर फोडले आणि आतल्या-बाहेरच्या सगळ्यांना खोबरं वाटलं. मिनिटबुकात मी लिहिलं: 'दर्शनाविषयी सभा होऊ शकली नाही.'

*

मग ठरलं, की दर्शन एका वाक्यात लिहून काढायचं. एकच वाक्य, सगळ्यांच्या पाठ होईल असं. पाळकसाहेबांनी सुरुवात करून दिली: 'आम्ही देवाचं प्रेम शेजाऱ्यांपर्यंत नेणारी मंडळी आहोत.' इथंच थांबलो असतो तर काय बिघडलं असतं?

पण एका पंचाला वाटलं, त्यात पुण्याला गेलेली पोरं यावीत. दुसऱ्याला वाटलं, आजारी माणसं राहिली. तिसरा म्हणाला, "शेजारी म्हंजी कुटले? वरच्या आळीचे का खालच्या?" तेही घातलं. महिला मंडळाने स्वतःचं नाव घालायला लावलं. तरुण संघ मग गप्प बसतो काय? दोन सभा झाल्या आणि माझ्या वहीत एक वाक्य तयार झालं, ते पान उलटूनही पलीकडे गेलं. 'आहोत' शेवटी कुठेतरी होतं.

रविवारी मी ते उभी राहून वाचलं. मध्ये दोनदा श्वास घेतला. मागच्या बाकावरून सोनाबाई म्हणाल्या, "बाई, आमेन कुटं म्हणायचं तेवढं आदी सांगा. माजी म्हस सोडायची ऱ्हायली."

*

पाळकसाहेब हरणारे नव्हते. पुढच्या सभेत म्हणाले, "शब्द विसरतात. चित्र विसरत नाही. आपल्या मंडळीला एक खूण हवी. माणसानं ती बघितली की आपण कोण आणि कुठे चाललोय, हे त्याला कळलं पाहिजे."

इथे आमच्या दोन पंचांची ओळख करून द्यायला हवी. एक शांतवनकाका गवंडी. तालुक्यातल्या निम्म्या भिंती त्यांनी बांधलेल्या, आणि स्वभावही भिंतीचाच. दुसरे दाविदमामा, एस.टी.त ड्रायव्हर. दोघांचं वय पन्नाशीचं, दोघांची घरं शेजारी, आणि दोघं एकमेकांशी बोलत नसत. एकाच बाकावर बसून ते माझ्यामार्फत बोलायचे. "बाई, त्यांना सांगा." "बाई, त्यांना इचारा." चौदा वर्षं मी ही टपाल खात्याची नोकरी फुकट केली.

पाळकसाहेबांनी आधी स्वतःच होडी सुचवली. येशू होडीत बसून शिकवायचा, शिष्य कोळी होते, आणि आपल्या तालुक्यात एवढं मोठं पाणी आहे, असं त्यांनी छान समजावून सांगितलं.

शांतवनकाका शांतपणे म्हणाले, "साहेब, त्या पाण्याखाली आमच्या आईबापाची गावं हायेत. धरण झालं तवा घरं सोडून निगाले ते. आन तुमी बोर्डावर पाणी काडणार?"

पाळकसाहेबांना हे माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा एवढासा झाला. होडी तिथेच राहिली.

द्राक्षवेल निघाली. "हितं येत न्हाई," शांतवनकाका म्हणाले. "हितं भात येतो." मग भाताची लोंबी निघाली, तर शेती नसलेल्या घरांनी तोंडं वाकडी केली. मेंढरू निघालं, तर कोणालाच मेंढरू व्हायचं नव्हतं.

दाविदमामा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "एस.टी. काडा."

कोणी हसलं. ते हसले नाहीत. "हसायला काय झालं? एस.टी. सगळ्यांना घेती. पाटलाला घेती, कातकऱ्याला घेती. बसायला जागा न्हाई तर हुबं करती, पर घेती. आन वाटंत कुनी हात केला तर थांबती. मंडळी अजून काय असती?"

पाळकसाहेब पुढे सरकून बसले. खरं सांगायचं तर बंगलोरलाही त्यांना इतकं नीट कोणी सांगितलं नसेल. मीसुद्धा पेन उघडलं, ठराव लिहिणार, तेवढ्यात शांतवनकाका माझ्याकडे वळले.

"बाई, त्यांना इचारा. डायवर कोण?"

सभा संपली. 'निर्णय पुढील सभेवर ठेवण्यात आला.'

*

पुढच्या सभेत दिव्यावर कसंबसं एकमत झालं. पौडच्या बाजारात हमीदभाईंचं पेंटिंगचं दुकान होतं. दुकानांच्या पाट्या, ट्रकची नावं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं तेच रंगवायचे. आम्ही त्यांच्याकडे गेलो.

"कसला दिवा?" हमीदभाईंनी विचारलं. "समई, पणती, कंदील का बल्ब?"

"प्रतीकात्मक," पाळकसाहेब म्हणाले.

हमीदभाईंनी ब्रश खाली ठेवला. "साहेब, मला वस्तू सांगा. अर्थ मला रंगवता येत न्हाई."

झालं. परत सभा. समई म्हटलं तर काही जणांना देवघर आठवलं, पणती म्हटलं तर दिवाळी. मेणबत्तीला एक पंच म्हणाले, "वाऱ्यानं इजती." कंदील म्हटलं तर तरुण संघ म्हणाला, गावात वीज आली तरी आपण कंदीलच लावायचा का? बल्ब म्हटलं तर शांतवनकाका म्हणाले, आठवड्यातून चार दिवस वीज नसते, तेव्हा मंडळी बंद का?

हमीदभाई तोवर थांबले नाहीत. त्यांनी बोर्ड तयार करून आणला. निळी जमीन, वर पांढऱ्या अक्षरात चर्चचं नाव, खाली बायबलातलं वचन, आणि मधोमध पिवळ्या काठाचा एक मोठा पांढरा गोल. रिकामा. "गोल तयार हाय," ते म्हणाले. "आत काय ते तुमी ठरवा. अर्ध्या तासात येऊन काडून देतो."

बोर्ड स्टॉपवर लागला. गोल रिकामाच राहिला, एक पावसाळा गेला, दुसरा गेला. कंडक्टर "गोल बोर्ड" म्हणून बेल मारायला लागले. हमीदभाई प्रत्येक बाजाराला मला गाठून विचारायचे, "बाई, गोलात काय ठरलं?" शेवटी मी भाजी घ्यायला मागच्या गल्लीने जायला लागले.

मग वरच्या ऑफिसातून एक मोठे साहेब पाहणीला आले. घरं मोजायला आले होते, आम्हाला कळत होतं. गाडीतून उतरले आणि बोर्डासमोर उभे राहिले. पाळकसाहेब घाईने काहीतरी सांगायला पुढे झाले, तर साहेबांनी हाताने थांबवलं.

"वर्तुळ," ते म्हणाले. "आदि नाही, अंत नाही. आणि आत जागा मोकळी, येणाऱ्या प्रत्येकासाठी. साळवे, फार खोल विचार केला आहे तुमच्या मंडळीनं."

पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. खोटं बोलणं त्यांच्या रक्तात नव्हतं, पण खरं काय ते सांगायचं म्हणजे अकरा सभा सांगाव्या लागल्या असत्या.

"बाईंना विचारा," ते म्हणाले. "त्यांच्याकडे सगळं लिहिलेलं आहे."

मी साहेबांना मिनिटबुक दिलं. त्यांनी चाळलं. अकरा वेळा एकच वाक्य. 'विषयावर सविस्तर चर्चा झाली.' साहेबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "दिसतंच आहे."

*

खुणेचं असं झाल्यावर पाळकसाहेब गोष्टींकडे वळले. मंडळी गोष्टींवर जगते, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रत्येक घरात एक तरी गोष्ट असते, ती सगळ्यांनी ऐकली की ती सगळ्यांची होते. मला हे पटलं होतं, खोटं का बोलू? घोटाळा झाला तो शब्दात.

बायबलात येशू ज्या लहान-लहान गोष्टी सांगतो, त्यांना आम्ही 'दाखले' म्हणतो. पेरणाऱ्याचा दाखला, हरवलेल्या मेंढराचा दाखला. पाळकसाहेबांनी उपासनेच्या शेवटी सांगितलं, "पुढच्या रविवारी प्रत्येक घरानं आपला एक दाखला घेऊन यावं."

शनिवारी शाळेत माझ्यासमोर पाच जण उभे. शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे. कशाला, तर "चर्चमदी मागितलाय." मला पाळकसाहेबांचा असा राग आला म्हणून सांगू. माणसांनी उपासनेला यायचं तर आता कागद दाखवायचे का? मी रागारागाने पाचही दाखले लिहून दिले. उपासनेला मीही होते, मीही ते ऐकलं होतं, आणि मलाही कळलं नाही. बाई म्हणे.

रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, "कोण सुरुवात करणार?" तर सगळे उठून रांगेने आले आणि त्यांच्या हातात कागद ठेवायला लागले. शाळेचे दाखले, जन्माचे दाखले, तलाठ्याचा रहिवासाचा दाखला. एकाने सासूच्या मृत्यूचा आणला होता, दुसरा कोणताच घरात नव्हता म्हणून. पाळकसाहेब दोन्ही हातांत कागद धरून उभे. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मला बाकाखाली जावंसं वाटलं.

शेवटी शांतवनकाका आले. हात रिकामे. सगळ्यांसमोर खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, माज्याकडं न्हाई. लोकं म्हणत्यात, घरांची यादी वर चाललीया आन दाखला न्हाई त्याचं नाव काडणार. तर काडा. मी शाळंत गेलोच न्हाई."

पाळकसाहेबांनी कागद वेदीपाशी ठेवले. "काका, कोणाचंही नाव काढणार नाही. पण शाळेत का नाही गेलात, एवढं सांगाल?"

"शाळाच न्हवती," शांतवनकाका म्हणाले. "मी मोटा झालो तवा आली. मीच बांदली. बाई शिकवत्यात तीच. पाया घेतला तवा माजं लगीन व्हायचं व्हतं, आन पोरं झाली ती तिथंच शिकली. मी भिंतीच्या भाईरूनच बघितली, आतून बसून न्हाई बघितली कवा."

त्या शाळेत मी सोळा वर्षं शिकवत होते. ती कोणी बांधली, हे मी कधी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी शांतवनकाकांना शाळेत बोलावलं आणि चौथीच्या वर्गात पुढच्या बाकावर बसवलं. ते दहा मिनिटं बसले. मग उठून म्हणाले, "बाई, तो कोपरा वला धरतोय. चुना कमी पडलाय," आणि निघून गेले.

*

त्या रविवारनंतर पाळकसाहेबांना फारच हुरूप आला. आता म्हणाले, मंडळी कशी सुरू झाली त्याची एक गोष्ट लिहू, आणि दर वर्षी चर्चच्या वाढदिवसाला ती वाचू. मी त्यांना हात जोडून सांगितलं, की तेवढं सोडून काहीही करा. त्यांनी ऐकलं नाही. ऐकलं असतं तर ते पाळक झालेच नसते.

गोष्ट अशी, की पाण्याखाली गेलेल्या गावात आमच्या चार-पाच घरांचं एक छपराचं देऊळ, म्हणजे चर्चच, होतं. गाव सोडताना कोणीतरी तिथली घंटा डोक्यावर घेऊन डोंगरवाटेने चालत आलं. तीच घंटा आता आमच्या चर्चवर आहे. एवढ्यापर्यंत सगळ्यांचं एकमत. कोणीतरी म्हणजे कोण, इथे गाडी अडायची. शांतवनकाका म्हणायचे, माझ्या बापाने. दाविदमामा म्हणायचे, माझ्या बापाने. दोघांचे बाप वारलेले, दोघांचाही जन्म इकडे आल्यावरचा. त्यांचं बोलणं बंद होतं ते यावरून. एका नाताळात घंटा कोणी वाजवायची यावरून सुरू झालं आणि बापांपर्यंत गेलं.

मी लिहिलं, 'घंटा दोघांनी आळीपाळीने आणली.' मला वाटलं, दोघंही खूश.

"आळीपाळीनं?" शांतवनकाका म्हणाले. "माजा बाप दमत न्हवता."

दाविदमामांनी तर माझ्याकडे न बघता पाळकसाहेबांना सांगितलं, "त्यांच्या बापाचं नाव वाचलं तर माजी भावकी उटून जाईल. सात घरं हायेत. पुण्याच्या चर्चमदी नावं घालू."

बावीसमधून सात गेली की काय उरतं, हे सांगायला मास्तरीण लागत नाही. पाळकसाहेब त्या संध्याकाळी माझ्याकडे आले. चहा गार होईपर्यंत बसले. म्हणाले, "बाई, मी यांना एकत्र आणायला आलो होतो. माझ्यामुळेच फुटणार का हे?"

मी खूप वैतागलेली होते. मी म्हटलं, "पाळकसाहेब, तुम्ही यायच्या आधी हे फुटलेलंच होतं. तुम्ही फक्त बोर्ड लावलात." मग मलाच वाईट वाटलं आणि मी चहा परत गरम केला.

शनिवारी दुपारी शेवटची सभा झाली. दोघंही चढ्या आवाजात, तेही माझ्यामार्फत, त्यामुळे मला दोन्हीकडून ओरडा. सोनाबाई केर काढत होत्या. बाकाखालून झाडू फिरवताना "पाय वर घ्या" म्हणाल्या, दोघांनी पाय वर घेतले आणि भांडण तसंच चालू ठेवलं. पाळकसाहेबांचं लक्ष सोनाबाईंकडे गेलं. त्या साठीच्या पुढच्या. ते मनात काहीतरी मोजत होते.

"सोनाबाई," ते म्हणाले, "गाव सोडलं तेव्हा तुम्ही होता?"

"व्हते की. पाच वर्सांची."

पाळकसाहेब उठून त्यांच्यापाशी गेले.

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"कुनी इचारलं?"

"घंटा कोणी आणली?"

"कुनी न्हाई," सोनाबाई म्हणाल्या. "ती मागनं पुण्यास्नं इकत आणली. मी परकर नेसायला लागले व्हते तवा."

दाविदमामा उभे राहिले. शांतवनकाका बसूनच राहिले. "मग आमच्या बापांनी काय आणलं?" दाविदमामांनी विचारलं. सोनाबाईंशी बोलायचं तर मध्ये मी लागत नव्हते.

"भांडी, कोंबड्या, दाणं. समद्यांनी आणलं तेच. आन मला. बाप ममईला गिरनीत, आईच्या कडंवर धाकला. माज्या पायात काटा मोडून पू झाल्याला, मला चालता येईना. तवा मला पाटुंगळी मारून आणलं. डोंगर उतरस्तवर."

"कोणी?" पाळकसाहेबांनी विचारलं. आता दोघंही उभे होते.

सोनाबाईंनी एकाकडे पाहिलं, दुसऱ्याकडे पाहिलं. "न्हाई सांगायची. सांगितलं की परत भांडत्याल."

"निदान मला सांगा."

"तुमी तर उपदेशात सांगाल," सोनाबाई म्हणाल्या आणि केर भरायला लागल्या.

वाढदिवसाला मी वाचलं: 'आपले वडील सोनाबाईंना पाठुंगळी घेऊन डोंगर उतरले.' दोन ओळी, बास. कोणी उठून गेलं नाही. सातही घरं राहिली.

साधारण महिन्याने शांतवनकाका शाळेचा तो ओला कोपरा दुरुस्त करायला आले. थापी हातात धरून म्हणाले, "बाई, कुनाला बोलू नका. म्हातारीनं मला एकट्याला सांगितलंया. माजाच बाप व्हता."

मी म्हटलं, नाही बोलणार.

पुढच्या आठवड्यात मी पुण्याहून येत होते, गाडीवर दाविदमामा. शेवटच्या स्टॉपला सगळे उतरल्यावर त्यांनी मला थांबवलं. इंजिन बंद केलं. "बाई, तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "सोनाबाई मला बोलल्या. माजा बाप."

मी तडक सोनाबाईंच्या घरी गेले. त्या म्हशीला वैरण टाकत होत्या. इतक्या वर्षांचा सगळा वैताग माझ्या तोंडाशी आला होता. मी म्हटलं, "सोनाबाई, दोघांना दोन सांगितलंत. आता मला खरं सांगा. कोण होतं?"

सोनाबाईंनी हातातली वैरण टाकली. डोळे बारीक करून आठवून पाहिलं.

"बाई, मी पाटीवर व्हते," त्या म्हणाल्या. "मला नुसती मान दिसत व्हती."